कागदावरची बाळंतीण

बाळंतीण आत खाटेवर कान बांधून पडली होती आणि जिला बाळ झालं होतं ती बाहेर चहा गाळत होती.

चहा लक्ष्मीबाईसाठी होता. ही गल्लीतलीच. मूठभर खारका घेऊन बाळ पाहायला आली होती आणि तिची नजर बाळाला सोडून सगळीकडे फिरत होती. खाटेखाली शेगडी होती, शेगडीवर ओवा टाकलेला, खोलीभर धूर. खाटेवर मोठी जाऊ रुख्मिणी डोक्याला फडकं गुंडाळून विव्हळत होती. विव्हळायला तिला कुणी सांगितलं नव्हतं. ते तिनं आपल्या मनानं वाढवलं होतं.

"कंबर लय दुखते का वं?" लक्ष्मीबाईनं विचारलं.

"काय सांगू काकू. बसवत नाई न् उठवत नाई."

चहाचा कप पुढं करताना शीतलच्याच कमरेतून कळ निघाली. सतरा दिवस झाले होते, टाके अजून ओढत होते. तिनं दाराच्या चौकटीला हात लावला आणि जरा थांबली.

"तू काऊन वाळून राह्यली वं शीतल?" लक्ष्मीबाई म्हणाली. "जावेचं बाळंतपन करू करू तूच खंगली."

"करनारीले जास्त लागते काकू," शीतल म्हणाली आणि रिकामी बशी घेऊन चुलीकडं गेली. मागून लक्ष्मीबाईचा फुरका ऐकू आला. तो चहाचा होता की हसण्याचा, ते कळायला मार्ग नव्हता.

हे सगळं ज्या कायद्यामुळं झालं तो शीतलनं कधी डोळ्यांनी पाहिला नव्हता. गाव मराठी बोलणारं असलं तरी तेलुगू राज्यात होतं, आणि तिला एवढंच ठाऊक होतं की तिथं तिसरं लेकरू झालं की माणसाला सरपंचकीला उभं राहता येत नाही, आणि तिच्या नवऱ्याला दोन वर्षांपासून सरपंचकीचा ताप चढला होता. रविकांत कापसावर फवारा मारायला जाताना पण खिशात इस्त्रीचा रुमाल ठेवायचा. तामसीला मंडल ऑफिसात, तालुक्याच्या कचेरीत, कुणाचं काही काम निघालं की हा पुढं. दोन पोरं होती, वैभव नऊ वर्षांचा आणि प्रितम पाचचा. सगळं कायद्यात बसत होतं. आणि संक्रांतीच्या आसपास शीतलची पाळी चुकली.

"पाडून टाकू," रविकांत म्हणाला. गोठ्याची जुनी भिंत पाडायची असल्यासारखा.

"नाई," शीतल म्हणाली.

लग्नाला अकरा वर्षं झाली होती. एवढा सरळ 'नाई' तिनं पहिल्यांदाच उच्चारला होता. तिला पोरगी पाहिजे होती. काऊन पाहिजे होती, ते धड सांगता आलं नसतं. वेणी घालायला घरात एक डोकं पाहिजे होतं, एवढंच. नाव पण ठरलेलं होतं, तिच्या वारलेल्या आईचं, रुपा. पोटात काय आहे ते कुणी सांगितलं नव्हतं, पण तिनं ठरवून टाकलं होतं.

वाट काढली सासूनं. रेणुकाबाईला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण कागदाची ताकद तिला घरातल्या शिकलेल्यांपेक्षा जास्त कळायची. "मोठीच्या नावावर लिवा," ती म्हणाली. "तिले पंधरा वर्सात झालं नाई, याले झालेलं चालत नाई. कागदावर तिचं, घरात तुयं. एकाच आंगनात तं हाओत सारे."

मोठा दीर सुधाकर आणि रुख्मिणी त्याच अंगणात समोरच्या बाजूला वेगळी चूल मांडून राहत. सुधाकर मान हलवून मोकळा झाला. रुख्मिणी उठून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. शीतलला तेव्हा वाटलं, तिला वाईट वाटलं असेल.

कुणीतरी एकानं तेव्हा बोलायला हवं होतं. पण शीतलला पोर जगवायचं होतं, आणि 'कागदावर' हा शब्द तिला फार हलका वाटला. कागद काय, वाऱ्यानं उडतो.

पोट दिसायच्या आत दोघी जावा मंचेरियलला गेल्या. रुख्मिणीचा भाऊ तिथं कोळशाच्या खाणीत कामाला होता, त्याला क्वार्टर होतं. गावात सांगितलं की रुख्मिणीला तिथल्या डॉक्टरच्या गोळ्या लागू पडल्या, दिवस राहिले, जपायला सांगितलंय, म्हणून धाकटी सोबत गेली. पोरं सासूजवळ राहिली. पाच महिने शीतलनं त्यांना फोनच्या काचेत पाहिलं, तेही फक्त तोंड, पोटाकडं फोन न्यायचा नाही अशा बोलीवर. प्रितम फोनला नाक लावून विचारायचा, "आई, तू तिथं काय करून राह्यली?" आणि ती म्हणायची, "बसून राह्यली बेटा." ते खोटं नव्हतं.

दवाखाना एक लहानसा खाजगी पाहिला होता. तिथं रुख्मिणीचं आधार कार्ड दिलं. कार्डावरचा फोटो असा काळा, की त्यात गावातली कुठलीही बाई खपली असती. कळा सुरू झाल्या तशी नर्स तेलुगूत ओरडायला लागली, "रुक्मिणी, गट्टिगा, गट्टिगा." म्हणजे जोर लाव. शीतल ऐकत होती आणि तिला कळत नव्हतं की ही बाई कुणाला जोर लावायला सांगते आहे. दाराबाहेरच्या बाकड्यावरून रुख्मिणीनं सवयीनं 'ओ' दिली आणि जीभ चावली. पुढची कळ आली तेव्हा शीतलच्या ध्यानात आलं की ते नाव आज आपलं आहे. तिनं 'ओ' दिली. पोरगी त्या 'ओ'च्या मागोमागच आली.

तिथून पंधरा दिवसांनी बाळ रुख्मिणीच्या मांडीवर निजून गावात आलं. पिशव्या शीतलच्या हातात होत्या.

पोरांना मात्र हे समजावून सांगणं जड गेलं. पहिल्याच दिवशी प्रितमनं बाळाचे पाय पाहिले, ते सारखे हलत होते, लाल होते. "मुंगी हाय," तो म्हणाला, आणि तिचं नाव मुंगी पडलं. मग तो पळत गल्लीत गेला आणि जो भेटेल त्याला सांगत सुटला, "आमच्या घरी पोरगी झाली. आमच्या आईनं आनली." रविकांतनं त्याला तिथूनच उचलून आणलं आणि अंगणात एक ठेवून दिली. प्रितम रडला नाही, तो नुसता आईकडं पाहत राहिला.

शिकवायचं काम मग शीतलवर आलं. वैभव एका बैठकीत शिकला. "मुंगी कोनाची?" म्हटलं की लगेच, "मोठीआईची. मोठीआईले मंचेरियलच्या डॉक्टरनं गोळ्या देल्या होत्या. आमाले फोनवर दाखोली."

"गोळ्याचं कोनी सांगतलं तुले?"

"कोनी नाई. बाबा गावात बोलते तसं बोललो."

शीतलला ते ऐकून बरं वाटायला पाहिजे होतं.

प्रितमचं डोकं वेगळं होतं.

"मुंगी कोनाची?"

"आपली."

"नाई रे. मोठीआईची."

"मंग आपन काऊन दूध पाजून राह्यलो तिले?"

दूध दार लावून पाजलं जाई. रुख्मिणीच्या खोलीत, शेगडीच्या धुरात, शीतल भिंतीकडं तोंड करून बसे आणि प्रितम दाराशी पहारा देई, म्हणजे लाकडाचा एक तुकडा बंदुकीसारखा धरून उभा राही. शेवटी तिनं शेंगदाण्याची चिक्की आणली आणि पदराच्या गाठीत बांधून ठेवली. बरोबर सांगितलं की एक तुकडा. चूक सांगितलं की नाही. दिवसातून दहा वेळा विचारायची, भाकरी थापताना, त्याला आंघोळ घालताना, त्याच्या शाळेचं बटण लावताना. तो 'आपली' म्हणायचा, चिक्कीकडं पाहायचा, आणि तरी 'आपली'च म्हणायचा. एवढ्याशा पोराची ती खोड तिला रागही आणायची आणि त्याच वेळी पोटात कुठंतरी गार वाटायचं.

पहिले काही दिवस रुख्मिणी चांगली वागली. दार लागलं की डोक्याचं फडकं काढून फेकायची, मेथीचे लाडू शीतलच्या हातात कोंबायची. "खाय लवकर. तुयं हाय हे. मी नुसती नाटकी." दोघी तोंड दाबून हसायच्या. एकदा तर हसता हसता शीतलचा टाका दुखावला आणि रुख्मिणीनं शेगडी ओढून तिच्याच कमरेला शेक दिला.

मग लाडू अर्धे झाले. मग कधीतरी डबा फळीवर वर गेला. रुख्मिणी वाईट बाई नव्हती, अवघड तेच होतं. मुंगी रडली की ती उठायची. मुंगीचं पोट फुगलं की ओव्याचं फडकं तीच ठेवायची. येणाऱ्या बायका तिला बाळंतीण म्हणायच्या, तिच्या हातावर बाळाला पाहून 'नाक तुयंच हाय वं' म्हणायच्या, आणि पंधरा वर्षं जिला कुठल्या ओटी भरायच्या कार्यक्रमात मागं बसवलं होतं ती बाई हळूहळू आपलं नाक आरशात पाहायला लागली. लसीच्या कार्डावर तिनं नाव पण घातलं, हंसिका. शीतलनं ते ऐकलं तेव्हा लिहून झालं होतं.

दिवाळीच्या आधी कापूस फुटला. शीतल वेचायला जाऊ लागली, कारण धाकटी घरात बसते आणि मोठीच्या बाळाला सांभाळते, असं किती दिवस दाखवणार. अकरा वाजता ती दूध पाजायला घरी यायची. एके दिवशी आली तर मुंगी झोपलेली, बाजूला बाटली.

"पाजलं मी," रुख्मिणी म्हणाली. "तुले वावरातून धावत यायचा तरास. सवय झाली तं बरं."

शीतल परत वावरात गेली. छाती दगडासारखी झाली होती. पऱ्हाटीच्या ओळीत बसून तिनं दूध मातीत पिळलं, आणि ओटीतल्या कापसावर चार थेंब पडले ते पुसले, कारण ओला कापूस व्यापारी घेत नाही.

आणि मग कायदाच गेला. रविकांत किराणा दुकानातून तेलुगू पेपर घेऊन आला. सरकारनं ती दोन लेकरांची अट काढून टाकली होती. आता कुणालाही कितीही असोत.

शीतल भाकर थापत होती. तिचे हात थांबले. "मंग आता मुंगी आपली?"

"आपलीच तं हाय."

"कागदावर."

रविकांतनं पेपरची घडी घातली. "आत्ता नको बोलू. खोटे कागद केले म्हनून कोनी केस टाकली तं फारम जाईल माया. निवडनूक होऊ दे. मंग शांतपने करू."

निवडणूक झाली. त्या अटीमुळं इतके दिवस घरात बसलेल्या वामनरावाला पण मोकळीक मिळाली होती. त्याला चार लेकरं. त्यानं फॉर्म भरला, चौघांना नवे कपडे घालून घरोघर फिरवलं, आणि एकोणीस मतांनी रविकांतला पाडलं. त्या रात्री रविकांत खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडला. इस्त्रीचा रुमाल तोंडावर होता.

दोन दिवस शीतलनं त्याला पडू दिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी अंगणात सगळे असताना तिनं विषय काढला.

"आता कशाले बोभाटा?" रविकांत म्हणाला. "हरलो ते हरलो, आता जेलात पाठवते का?"

"तुमाले दोन हायेत," सुधाकर जमिनीकडं पाहत म्हणाला. एवढंच. तो कमी बोलणारा माणूस होता आणि त्यामुळं त्याचं बोललेलं खोडता यायचं नाही.

शीतलनं सासूकडं पाहिलं. "आत्याबाई, तुमी म्हनलं होतं. घरात तुयं."

"घरातच हाय ना," रेणुकाबाई म्हणाली. "कुठं गावाले चालली का?"

रुख्मिणी मुंगीच्या गालाला काजळाची तीट लावत होती. ती मान वर न करता म्हणाली, "बाळंतपन मी काढलं तिचं. सव्वा महिना शेगडीवर अंग भाजलं. सारं गाव साक्षी हाय."

"आन मी?"

"तू जनम देला. नाई कोन म्हनते?"

चुलीवर दूध उतू जावं तेवढ्या सहज ती हे म्हणाली. शीतल तिथंच उभी राहिली. दुपारी वैभव शाळेतून आला, दप्तर न काढता तिच्याजवळ उभा राहिला. त्यानं सकाळचं सगळं ऐकलं होतं.

"आई, आता कोनी विचारलं तं खरं सांगायचं का तेच?"

"खरं," शीतल म्हणाली. "आता खरं सांगायचं."

प्रितम तेव्हा गोठ्यात वासरामागं होता. त्याला सांगायची गरज तिला वाटली नाही. तो तर पहिल्यापासून खरंच सांगत आला होता. चिक्की देऊनही त्याला खोटं येत नव्हतं.

शनिवारी अंगणवाडीत सुया होत्या. रुख्मिणी नहाणीत केस धूत होती. शीतलनं मुंगीला उचललं, फळीवरचं लसीचं कार्ड घेतलं, दोन्ही पोरांना हाक मारली आणि निघाली. पायात चप्पल आहे की नाही ते तिनं पाहिलं नाही. तिनं मनाशी ठरवलं होतं, नर्ससमोर, चार बायांसमोर एकदा तोंडानं म्हणायचं. केस होवो नाही तर काही होवो. एकदा म्हटलं की मग ते परत गिळता येणार नाही, ना तिला, ना त्यांना.

अंगणवाडीत आठ-दहा बाया होत्या, लक्ष्मीबाई पण नातवाला घेऊन आलेली. उपकेंद्राची नर्स सपना टेबलाशी बसून नावं लिहीत होती. तिनं कार्ड पाहिलं.

"हंसिका. आईचं नाव रुख्मिणी. आई कुठं हाय?"

"मीच हाय," शीतल म्हणाली.

सपनानं पेन थांबवलं. "तुमी शीतल ना?"

"व्हय. कार्ड खोटं हाय ताई. ही माई पोरगी हाय. मंचेरियलले मले झाली."

बाया आपापल्या लेकरांची झबली सारखी करायला लागल्या. त्यातल्या अर्ध्या जणींना बाळ गावात आल्याच्या दिवसापासून हे माहीत होतं, आणि उरलेल्या अर्ध्यांना त्यांनी सांगितलं होतं. शीतलनं एकेकीकडं पाहिलं. एकीनंही तिच्याकडं पाहिलं नाही. माहीत असणं वेगळं आणि शनिवारी सकाळी अंगणवाडीत ते माहीत असणं वेगळं.

"काय वं शीतल," लक्ष्मीबाई शेवटी म्हणाली, "जावेच्या कुशीत एवढ्या वर्सानं एक पडलं, ते पन बघवत नाई का तुले?"

"काकू, तुमाले माहीत हाय."

"मले काय माहीत? मी तं खाटेवर रुख्मिणीले पायलं. तू चहा देल्ता मले."

तेवढ्यात रुख्मिणी आली. ओले केस पाठीवर, पदर धड नाही, धापा टाकत. तिनं नुसते हात पुढं केले. तिच्या कोपरांवरून अजून पाणी गळत होतं आणि ते पाहून शीतलची मिठी, का कोण जाणे, जरा सैल झाली.

"तुमचं भांडन घरी मिटवा," सपना म्हणाली. ती थकली होती, अजून दोन गावं बाकी होती. "मले कार्डावर जे हाय तेच लिवा लागते. दुसरं काई लिवाचं असन तं कोर्टातून आना."

"ह्या पोट्ट्यांले विचारा ना," लक्ष्मीबाईनं मध्येच काढलं. "घरचेच हायेत. ते कशाले खोटं बोलतीन?"

सपनानं वैभवकडं पाहिलं. "सांग रे. कोनाची बहीन?"

वैभवनं आईकडं पाहिलं, मग मोठीआईच्या ओल्या हातांकडं, मग दाराकडं, जणू तिथून बाबा येणार होता. "मले नका विचारू," तो म्हणाला आणि भिंतीवरच्या तेलुगू अक्षरांच्या तक्त्याकडं तोंड करून उभा राहिला.

"तू सांग रे लहान्या. ही मुंगी कोनाची?" लक्ष्मीबाईनं विचारलं.

शीतलच्या जिवात जीव आला. ती प्रितमकडं पाहून हसली पण.

प्रितम पुढं झाला. शाळेत कविता म्हणताना उभं राहतात तसे त्यानं हात मांड्यांना चिकटवले. आईचा चेहरा त्यानं नीट निरखला. आई एवढी कधी त्याच्या उत्तराची वाट पाहत नसे, म्हणजे आजचं उत्तर फार महत्त्वाचं होतं, आज चुकून चालणार नव्हतं. तो एकेक शब्द सुटा करून म्हणाला, "मोठी. आई. ची."

पहिल्यांदाच त्याला ते बरोबर आलं होतं. त्यानं उजवा तळवा आईपुढं पसरला.

कुणीतरी हसलं. रुख्मिणीनं मुंगीला घेतलं, शीतलच्या हातातून ती कशी गेली ते तिला कळलंही नाही. सपनानं मांडीला कापूस घासून सुई टोचली. मुंगी एक क्षण श्वास धरून राहिली आणि मग किंचाळून रडली, आणि इकडं चार पावलांवर उभ्या असलेल्या शीतलचं ब्लाऊज दोन्ही बाजूंनी ओलं झालं. तिनं पदर ओढून घेतला. त्या ओलीबद्दल कुणी काही विचारलं नाही.

प्रितमचा तळवा अजून तसाच होता.

"आई, बरोबर सांगतलं ना?"

पदराची गाठ रोजच्या सवयीनं बांधलेलीच होती. ती सोडायला शीतलला वेळ लागला. चिक्कीचा तुकडा मऊ पडला होता.

"व्हय," ती म्हणाली आणि तुकडा त्याच्या हातावर ठेवला. "बरोबर सांगतलं."

त्यानं तो मोडून अर्धा वैभवपुढं धरला. वैभवनं तक्त्यावरून नजर काढली नाही.